उलट्या हातावरचं गाणं

समस्त कुंभकोणवासी स्त्री-पुरुषांस, विशेषतः ऑफिसर क्लबाच्या सन्माननीय सभासदांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या गावात एकेकाळी एक माणूस पियानोवर बरोबर वाजवीत असे, आणि तो चुकतो असे आपण सर्वांनी एकमताने ठरविले होते. सदर ठराव आजतागायत रद्द झालेला नाही. तो आज मी एकटीने रद्द करीत आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी घरी यावे. कॉफी मिळेल, माफी मिळणार नाही.

हा माणूस माझा मामा. आईचा धाकटा भाऊ. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की अर्धं गाव म्हणेल, ‘अय्यो, ते तर आमचे अगदी जवळचे!’ आणि माझं डोकं पुन्हा फिरेल.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या राजवटीत तंजावरकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असा आमचा कारभार. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे तोंडावर उपरणं धरून हसतात. बखर बोलायला लागल्यासारखी वाटते म्हणे त्यांना. मामाची भाषा त्याहून चमत्कारिक होती. अर्धी बखर, अर्धी कोलंबोच्या हॉटेलातली इंग्रजी, आणि शिव्या मात्र निर्भेळ तमिळ. तो रागावला की या तिन्ही भाषा एकाच दारातून एकदम बाहेर पडायच्या. आणि तो रागावलेला नसला, तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

कोलंबोच्या बोटीला उतारू नेऊन पोचवणारी आगगाडी, बोट मेल, आमच्या स्टेशनावरून जायची. तरुणपणी मामा त्या गाडीत बसला तो कारकुनी करायला. कारकून व्हायच्या ऐवजी तो तिथल्या एका हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. लढाई संपली, गोरे सोल्जर गेले, बँड फुटला, आणि मामा त्याच गाडीने परत आला. सोबत एक ट्रंक, एक पांढरा कोट आणि जाझ. ट्रंक माळ्यावर गेली. कोट तो वेष्टीवर, म्हणजे आमच्याकडच्या लुंगीवजा धोतरावर, घालून भाजी आणायला जाऊ लागला. जाझ मात्र कुठे ठेवावं हे घरात कोणालाच कळेना.

जाझ म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं.

“गाणें तेंच गे,” मामा म्हणाला, “पण दर खेपेस नव्यानें भांडून घ्यावें लागतें.”

कोणाशी भांडायचं, हे त्याने सांगितलं नाही. त्याला माणसं कमी पडली नाहीत.

कोलंबोतला मामा मला कळला तो डग्लसमुळे. डग्लस तिरुच्चीच्या रेल्वे कॉलनीतला, बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. सणासुदीला केक घेऊन आमच्याकडे यायचा. आई तो केक घ्यायची, त्यात अंडं आहे म्हणून बाजूला ठेवायची, आणि डग्लस गेल्यावर मी आणि मामा तो खायचो. डग्लसने सांगितलेली सुपाची गोष्ट अशी. हॉटेलात जेवण चाललं होतं. एका साहेबाने निरोप पाठवला, की पियानो जरा हळू वाजवा, सूप पिताना त्रास होतो. मामाने वाजवणं थांबवलं, उठला, आणि अख्ख्या हॉलला वाकून म्हणाला, “आधी सूप संपवा. मग मी वाजवतो.” आणि हाताची घडी घालून उभा राहिला. प्रत्येकाच्या बशीत वाकून बघत होता म्हणे. एका म्हाताऱ्या मडमेने घाबरून दुसऱ्यांदा घेतलेलं सूपही संपवलं.

“तुझ्या मामासारखा डावा हात मी पुन्हा ऐकला नाही,” डग्लस म्हणायचा. “पण त्याचं तोंड कोणी बंद केलं असतं, तर तो आज लंडनला असता.”

“तोंड बंद केलें असतें तर डावा हातहि बंद झाला असता,” मामा आतल्या खोलीतून ओरडायचा.

कुंभकोणमला त्या डाव्या हाताला काम काय मिळालं? टायपिंग. मामाने पेट्टै स्ट्रीटवर माडीवर टाइपरायटिंगचा क्लास काढला. मशिनं जुनी, पोरं नवी, आणि मास्तर पायाने लाकडी जमिनीवर ठेका धरून उभा. एरवी टायपिंगचा क्लास म्हणजे पत्र्यावरच्या गारा. मामाच्या माडीवरून मात्र काहीतरी झुलत खाली यायचं. खालचा सुपारीवाला त्या ठेक्यावर अडकित्ता चालवायचा. एका मुलीचा वेग चांगला होता, पण मामा तिच्यावर खेकसला, “अक्षरें बरोबर आहेत, पण मेलेलीं आहेत! स्पेसबार मागून येऊं दे. जरा वाट पाहूं दे कागदास!” ती रडत घरी गेली. परीक्षेत मात्र पहिली आली, आणि परीक्षकांनी शेरा दिला की विद्यार्थिनी टाइप करताना डुलते.

तोवर गावाने मामाचं वर्णन एका शब्दात उरकलं होतं. अपस्वर. आमच्या विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळींनी त्याला पेटीवर साथीला बसवलं होतं. मामाने एका सुराच्या जागी चार सूर एकदम दाबले, आणि त्यातला एक असा होता की टाळकरी थबकले. मंडळीतले वडीलधारे बुवा म्हणाले, “एका वेळेस एकच सूर वाजवावा. विठ्ठल एकच आहे.”

“मग दहा बोटें कशास दिलीं त्यानें? नऊ दक्षिणेंत परत देऊं काय?”

मामाला देवळातून घालवलं नाही. आमच्याकडे कोणाला घालवत नाहीत. पुढच्या एकादशीला पेटीच सापडली नाही, एवढंच.

आता क्लब. गोऱ्या अधिकाऱ्यांनी जाताना तिथे एक पियानो मागे ठेवला होता. कावेरीकाठच्या दमट हवेने त्याच्या पट्ट्या फुगल्या होत्या आणि पाठीवर पानाची तबकं, टेनिसच्या रॅकेटी, कोणाचीतरी छत्री असा संसार मांडलेला होता. क्लबाचे सेक्रेटरी एक वकील होते. कपाळाला रेखीव नाम, खिशात साखळीचं घड्याळ, आणि गावातल्या प्रत्येक गाण्याच्या सभेत समोरच्या रांगेत डुलणारं डोकं. संगीतातलं सगळं त्यांना कळतं, अशी त्यांची स्वतःची खात्री होती. मामा रोज संध्याकाळी क्लबात जाऊन तबकं उतरवायचा, छत्री खिडकीबाहेर फेकायचा आणि पियानो दुरुस्त करत बसायचा. तारा पिळायला लागणारी किल्ली त्याने मेलकावेरीच्या एका पात्रं करणाऱ्याकडून पितळेत घडवून घेतली होती. सुरुवातीला वकिलांना हे आवडलं. फुकटात दुरुस्ती होत होती.

मामाला जगाकडून हवं होतं ते इतकंच. आपल्या हाताखालच्या एका धड पियानोवर एक गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवावं, आणि तेवढा वेळ कोणी उठून जाऊ नये. कोलंबोत लोक नाचत होते, जेवत होते, प्रेमात पडत होते. बसून ऐकलेलं कोणीच नव्हतं. आपल्या गावाला ऐकायची सवय आहे, सभांचं गाव आहे, इथे ऐकतील, म्हणून तर तो परत आला होता. ही त्याची समजूत होती. माझा राग इथून सुरू होतो.

कोणी एक बडे अधिकारी गावात आले, क्लबाने चहा ठेवला, आणि मामाला वाजवायला सांगितलं. गाव लोटलं. पहिल्या रांगेत वकील. कोपऱ्यात तविल, म्हणजे देवळातला ढोल, वाजवणारे विद्वान; आमच्याकडे कसलेल्या वादकाला विद्वानच म्हणतात. देवळाच्या उत्सवात ते तविल गळ्यात घालून उभे राहिले की पारावरची वानरंसुद्धा गप्प व्हायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि तुम्हालाही ठाऊक असावं अशी त्यांची अपेक्षा असायची.

मामाने सुरुवात केली. लगेच लोकांच्या मांड्यांवर ताल सुरू झाला. आमच्याकडे श्रोता नुसता ऐकत नाही, मांडीवर हिशेब ठेवतो. एक थाप तळहाताची, मग हात उलटा. थाप, उलटा हात. सगळा हॉल मिळून मामाच्या गाण्यावर थपाथप आपटायला लागला. मामा थांबला. मान वळवली.

“मांड्या बडवूं नका! माझें गाणें थापेवर नाहीं, उलट्या हातावर आहे! हात उलटा करितां, तेथें तुम्ही रिकामें सोडितां. तेथेंच मी बसलों आहें!”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. थापेवर सम असते, उलट्या हातावर काहीच नसतं. काही नसलेल्या जागी हा माणूस बसलाय म्हणतो! फक्त कोपऱ्यातल्या विद्वानांनी आपला हात हळूच उलटा केला, त्या रिकाम्या जागेवर मान टाकली, आणि एवढ्या मोठ्याने हसले की चहावाला दचकला. “अडे! चोर आत शिरलाय! मागच्या दाराने शिरलाय!” ते तमिळमध्ये ओरडले. मामाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो माणूस हसू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग त्याने खरं वाजवायला घेतलं. मूळ चाल सोडली, दोन्ही हात आपापल्या वाटेने निघाले, आणि डावा हात असा काही चालायला लागला की मला वाटलं, घोडागाडी जिना चढतेय. इथे गावाने आपली ऐतिहासिक चूक केली. आमच्या सभांमध्ये गायक थांबून मृदंगवाला एकटा वाजवायला लागला, की श्रोते कॉफी प्यायला उठतात. रीतच आहे तशी. मृदंगवाल्याला त्यात अपमान वाटतो, पण त्याला कोण विचारतं? चाल संपली, एकट्याचं वाजवणं सुरू झालं, हे लोकांच्या लक्षात आलं, आणि खुर्च्या सरकल्या. रांगच्या रांग उठली. अगदी आदराने, चपलांचा आवाज न करता. पाहुणे अधिकारीही उठले, त्यांना वाटलं संपलं.

लोक मिशा पुसत परत आले, तेव्हा मामा पियानोकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभा होता. सुपाच्या वेळी उभा राहिला असेल तसाच. समोर विद्वान आणि मी, एवढेच बसलेले होतो. वकिलांनी टाळ्या वाजवल्या आणि मोठ्या मनाने म्हणाले, “परवायिल्लै!”

इल्लै म्हणजे नाही; अख्ख्या शब्दाचा तमिळमध्ये अर्थ होतो, पर्वा नाही, ठीक आहे, चालेल, वाईट नव्हतं. नापास झालेल्या मुलालाही परवायिल्लै आणि मंदिर बांधणाऱ्यालाही परवायिल्लै.

मामाचा कान लाल झाला. “परवायिल्लै? हा शब्द तरी तुमचा आहे काय हो? पर्वा आम्हीं आणिली! तुम्हीं मागें इल्लै लाविलें! तुमच्यापाशीं नुसतें इल्लै होतें, अजूनहि तेंच आहे!”

हे मराठीत झालं असतं तर निभावलं असतं. त्याने ते पुन्हा तमिळमध्ये सांगितलं. नंतर पाहुण्यांसाठी इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी पियानोवर पाटी लागली: सभासदांखेरीज कोणी हात लावू नये. सभासद एकही वाजवत नव्हता. पानाची तबकं परत आली. छत्रीसुद्धा आली.

यानंतर माझं लग्न ठरलं, आणि वडिलांनी कार्यालय म्हणून नेमका क्लबाचा हॉल घेतला. गावात तेवढा मोठा दुसरा नव्हता. मामा म्हणाला, मी येणार नाही. आई म्हणाली, “मामा नसेल तर पोरीस मांडवांत कोण आणील? तूं येशील, आणि तोंड उघडणार नाहींस.” मामा आला. वेष्टी, पांढरा कोट, आणि ओठ शिवल्यासारखे. वकील पाहुण्यांचं स्वागत करायला उभे होतेच, हॉल त्यांचा होता ना. मामाला पाहून ते पियानोच्या बाजूला सरकले आणि जवळजवळ त्या वाद्याला टेकूनच राहिले.

बाहेरच्या वाचकांना आमची एक रीत सांगायला हवी. मंगळसूत्र बांधायची घटका आली की भटजी तर्जनी उंच करून हलवतात, आणि वडील मंडळी ओरडतात, ‘गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!’ म्हणजे, जोरात वाजवा. त्यासरशी नादस्वरम, म्हणजे आमची लांब सनई, आणि तविल सगळ्या ताकदीने सुटतात. हेतू असा, की त्या घटकेला कोणाची शिंक, कोणाचा वाईट शब्द, कोणाचं खोटंनाटं वधूवरांच्या कानी पडू नये. दोऱ्याच्या तीन गाठी बसेपर्यंत वादन थांबवायचं नाही. थांबवणं म्हणजे मोठा अपशकुन. आणि तोवर कोणी जागचं हलायचं नाही.

तविलला आमचे विद्वानच होते.

भटजींचं बोट वर गेलं. आरोळी उठली. मंगळसूत्राचा पिवळा दोरा माझ्या मानेवर आला. तविल सुटलं, आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या उजव्या बाजूने असा एक आवाज आला की अक्षता टाकणारे हात वरच राहिले. वकील अक्षता टाकायला पुढे सरकले होते, पानाची तबकं खाली आदळली होती, आणि मामा पियानोवर होता. दोन्ही हातांनी.

विद्वानांनी फक्त एकदा मागे पाहिलं. मग त्यांनी ठोका मुद्दाम सोडायला सुरुवात केली. ते जागा रिकामी ठेवायचे, मामा तिथे उडी मारायचा. मामा जागा सोडायचा, तविल तिथे कडाडायचं. बिचारा नादस्वरमवाला गाल फुगवून या दोघांच्या मधून, दोन गाड्यांमधून सायकल काढावी तसा निघाला होता. वकील मामाकडे झेपावले. माझ्या आजेसासूबाईंनी त्यांच्या अंगवस्त्राचं टोक पकडलं. “काय करितोस रे मेल्या? गेट्टी मेळम थांबवितोस? पोरांच्या मुळावर येतोस?” वकील जागीच खिळले. पियानोला हात लावता येईना, मामाला एक शब्द सुनावता येईना. त्यांचाच हॉल, त्यांचाच पियानो, आणि त्यांनी उभं राहून ऐकायचं! सगळ्या गावाने ऐकायचं! कोणी उठू शकत नव्हतं. कॉफी तयार होती, वास येत होता, आणि एक माणूस हलत नव्हता.

पण गाठी किती वेळ चालतात? माझ्या मानेमागे पहिली गाठ पडत आली होती. समोर बसलेल्या त्या माणसाशी मी तोवर अवाक्षर बोलले नव्हते. त्याचा आवाज कसा आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, “गाठ हळू मारा.”

हे माझे नवऱ्याशी बोललेले पहिले शब्द. त्याने वर पाहिलं नाही. का म्हणून विचारलं नाही. त्याच्या बोटांना एकाएकी दोरा म्हणजे काय ते कळेनासं झालं. दोरा सुटला. पुन्हा धरला. उलटा धरला. भटजी डोळे वटारत होते. “तीन गाठी! नुसत्या तीन गाठी!” नवरा शांतपणे पहिली गाठ सोडवून नीट मारत बसला. मामाने गाणं चढवलं, फिरवलं, मूळ चालीवर आणलं, आणि शेवटच्या सुरावर दोन्ही हात ठेवून थांबला. त्याच क्षणी तविल थांबलं. त्याच क्षणी तिसरी गाठ बसली.

 मामा घामाने निथळत माझ्याकडे बघत होता. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. एकदाच.

आठवडाभरात क्लबाने सुताराला बोलावलं. पियानोच्या आतल्या तारा, हातोड्या, सगळं काढून टाकलं आणि त्याचं कपाट केलं. मामाला कळलं तेव्हा मी माहेरी होते, त्याच्या मागोमाग गेले. मला वाटलं, आता तिन्ही भाषा निघणार. मामा कपाटापुढे उभा राहिला.

“आंत काय ठेवणार?” त्याने अगदी हळू विचारलं.

“टेनिसचे कप,” वकील म्हणाले.

“कोणीं जिंकिले?”

वकिलांनी घड्याळ काढून पाहिलं. क्लबाने तोवर एकही कप जिंकला नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे आजही जिंकलेला नाही.

त्यानंतर मामा कोणावर ओरडला नाही. टायपिंगच्या क्लासात ठेका धरायचा बंद झाला. माडीवरून नुसत्या गारा पडायला लागल्या. आई त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नव्हता. मामाचं काय बिघडलं होतं ते डॉक्टरला कळलं नाही, मला कळलं होतं. थोड्याच वर्षांत तो गेला.

आणि मग क्लबाने शोकसभा ठेवली! त्याच हॉलमध्ये! मामाचा फोटो हार घालून कुठे ठेवला असेल? कपाटावर! डग्लस काळा टाय लावून तिरुच्चीहून आला होता. त्याला त्या डाव्या हाताबद्दल बोलायचं होतं, पण पहिल्या वाक्यालाच त्याचा आवाज गेला, आणि तो खाली बसून नाक शिंकरत राहिला. विद्वान उभे राहिले, म्हणाले, “मला आयुष्यात एकच माणूस भेटला ज्याला मी सोडलेली जागा दिसायची,” आणि बसले. टायपिंगच्या जुन्या मुली मागे डोळे पुसत होत्या. मी नवऱ्याशेजारी मुठी आवळून बसले होते. माझा नवरा सहसा बोलत नाही. घरात त्याचा दिवस एका ‘बरं’वर निघतो, आणि सभेत तर त्याला खोकायलाही संकोच वाटतो.

शेवटी अध्यक्ष म्हणून वकील उठले. कपाटावर तळवा ठेवला, अगदी मायेने. दिवंगतांसारखे थोर कलावंत हा आपल्या क्लबाचा ठेवा होता, म्हणाले. क्लबाने त्यांना सदैव उत्तेजन दिलं, म्हणाले. मग गळा दाटून आल्यासारखं करून म्हणाले, “या पियानोचं झाकण त्यांच्यासाठी कधीही बंद नव्हतं...”

माझ्या शेजारची खुर्ची मागे पडली. माझा नवरा उभा होता. तर्जनी उंच करून, भटजींसारखी हलवत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, “गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!”